बुद्धिबळ अगदी शून्यापासून: आधी काय शिकायचं, काय मागे ठेवायचं?

रानजाई

आठ वर्षांची लेक आणि मी, दोघींनी एकदमच बुद्धिबळ शिकायला घेतलंय. मोहरी कशी चालतात तेवढं समजलं. पुढे मात्र जो तो वेगळं सांगतो. कुणी म्हणतं ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करा, कुणी म्हणतं नुसते डाव खेळा, कुणी म्हणतं लगेच क्लास लावा. तिच्या वर्गात ‘चार चालींत मात’ची साथ आली आहे आणि ती रोज हरून येते. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. पट कसला घ्यावा, रोज किती वेळ द्यावा, कुठून सुरुवात करावी? जाणकारांनी बारीकसारीक सांगितलं तरी चालेल, किंबहुना तसंच हवं आहे.

पेठेतला_उंट

पटापासूनच सुरुवात करतो, कारण चुकीच्या पटावर मुलांचे डोळे चुकीचे तयार होतात. तुळशीबागेतून खेळणं म्हणून आणलेला चुंबकाचा छोटा पट प्रवासाला ठीक. पण त्यावर उंट आणि प्यादं लांबून सारखंच दिसतं, आणि नवख्याचा निम्मा डाव त्यातच जातो. गुंडाळी होणारा रेक्झिनचा पट आणि प्लॅस्टिकची भरीव मोहरी घ्या. स्पर्धेत राजाची उंची साधारण ९.५ सेंटीमीटर असते आणि प्याद्याची ५. घराची बाजू ५ ते ६ सेंटीमीटर. दुकानात तपासायची सोपी रीत म्हणजे एका घरात दोन प्यादी शेजारी-शेजारी ठेवून बघायची. ती मावली तर घर पुरेसं मोठं. मावली नाहीत तर डाव रंगात आल्यावर मोहरी एकमेकांना धक्के देणार. पटाच्या कडेला उभ्या ओळींसाठी ए ते एच आणि आडव्या ओळींसाठी १ ते ८ छापलेलं असलंच पाहिजे, ते का ते खाली कुणीतरी सांगेलच.

मांडणीत दोन चुका घरोघरी दिसतात. एक, पट आडवा फिरलेला असतो. प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं. दुसरी, राजा-वजिराची अदलाबदल. वजीर आपल्या रंगाच्या घरात उभा राहतो, पांढरा वजीर पांढऱ्या घरात म्हणजे डी१ वर, काळा काळ्या घरात म्हणजे डी८ वर. दोन्ही वजीर एकाच उभ्या ओळीत समोरासमोर आले की मांडणी बरोबर.

अडीच_घर

मोहरी ‘कशी चालतात ते समजलं’ आणि ‘चालताना दिसतात’ यात खूप अंतर आहे. पहिले दहा दिवस पूर्ण डाव खेळूच नका, असं माझं स्पष्ट मत.

त्याऐवजी फक्त प्यादी मांडा, दोन्ही बाजूंची आठ-आठ. राजा नाही, वजीर नाही, काही नाही. ज्याचं प्यादं आधी शेवटच्या ओळीत पोचेल तो जिंकला. यात प्यादं सरळ चालतं पण तिरकं मारतं हे अंगात मुरतं, समोरासमोर अडलेली प्यादी म्हणजे काय ते दिसतं, आणि ‘आता जी चाल करावी लागेल ती आपल्याच तोट्याची’ ही अवस्था मुलांना स्वतःहून सापडते. दोन दिवसांनी दोन्ही राजे मांडा. मग एकेक घोडा. असं वाढवत न्या.

घोड्याला वेगळा वेळ द्या. अडीच घरं म्हणून सगळेच सांगतात, पण घोड्याची खरी खूण ही की तो प्रत्येक चालीला रंग बदलतो. पांढऱ्या घरातला घोडा फक्त काळ्या घरांवर मारा करतो. घोड्याच्या तडाख्यातून सुटायचंय? आधी तो कुठल्या रंगावर आहे ते बघा, निम्मी घरं तिथेच बाद होतात. पटाच्या मध्यावर त्याला आठ घरं मिळतात, कोपऱ्यात दोनच. लेकीला हे कोडं घाला: घोडा ए१ वर, त्याला बी२ वर न्यायचंय, अगदी शेजारचं तिरकं घर. किती चाली? बहुतेक मुलं दोन म्हणतात. लागतात चार: बी३, सी५, ए४, बी२. हाताने करून बघू दे, तोंडी सांगू नका.

उंटाचं उलट. तो जन्मभर एकाच रंगावर राहतो. आपली प्यादी त्याच रंगाच्या घरांवर अडकवून ठेवली की आपलाच उंट कोंडतो. आत्ता एवढंच.

काटशह

नियमांचं मी लिहितो. घरगुती खेळात तीन नियम हमखास मोडलेले असतात.

कॅसलिंग. राजा दोन घरं हत्तीकडे सरकतो, हत्ती त्याच्यावरून पलीकडे येऊन बसतो. दोघांच्या मधलं सगळं मोकळं हवं, आणि राजा किंवा तो हत्ती आधी एकदाही हललेला नको (हलून परत जागेवर आला असेल तरी हक्क गेला). राजाला शह असताना करता येत नाही. राजा ज्या घरावरून जातो किंवा ज्या घरात बसतो तिथे समोरच्याचा मारा असेल तरीही नाही. गंमत पुढे आहे. हत्तीवर मारा असेल तर चालतं! वजिराच्या बाजूला बी१ वर मारा असेल तरी चालतं, कारण राजा त्या घरावरून जातच नाही. आधी राजाला हात लावायचा, एकाच हाताने. आधी हत्तीला लावला तर स्पर्धेत त्या बाजूचं कॅसलिंग नाकारतात.

आँ पासाँ. तुमचं पांढरं प्यादं ई५ वर आहे. काळ्याने डी७ वरचं प्यादं दोन घरं उडवून डी५ वर आणलं, म्हणजे तुमच्या शेजारी. तुम्ही ते मारून डी६ वर जाऊ शकता, जणू ते एकच घर आलं होतं. पण लगेचच्या चालीत. एक चाल दुसरीकडे खेळलात की हक्क संपला.

बढती. प्यादं शेवटच्या ओळीत गेलं की वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी हवं ते घ्या, आधीचा वजीर पटावर असला तरी दुसरा वजीर घेता येतो.

तुमच्या घरी आजोबा असतील तर एक सूचना. जुन्या पिढीतले बरेच जण हिंदी पद्धतीने शिकलेले असतात. त्या पद्धतीत प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालतं, कॅसलिंग नसतं, त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, आणि शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं त्या उभ्या ओळीच्या मूळ मालकाचं मोहरं होतं. आजोबा चुकत नसतात, त्यांचा खेळच वेगळा असतो. बसण्याआधी कुठल्या नियमांनी खेळायचं ते ठरवून घ्या, नाहीतर मुलीच्या डोक्यात दोन्हीची खिचडी होते.

सातवी_ओळ

ओपनिंगपेक्षा आधी मात करायला शिका. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. कुठे पोचायचंय तेच माहीत नसेल तर पंधरा चाली पाठ करून काय करणार? नवखी मुलं वजीर आणि दोन हत्ती वर असूनही डाव बरोबरीत सोडतात, आणि ते बघवत नाही.

पहिला धडा, राजा आणि वजीर विरुद्ध एकटा राजा. वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीच्या अंतरावर ठेवायचा. राजा डी५ वर असेल तर वजीर बी४ वर. शह द्यायचा नाही. आता राजा जिकडे जाईल तिकडेच वजीर तेवढाच सरकवायचा. राजा ई५ वर गेला, वजीर सी४ वर. प्रत्येक चालीला त्याचा पिंजरा लहान होत जातो आणि तो आपोआप कडेला येतो.

कडेला आला की मात्र नक्कल थांबवायची. इथेच सगळे घसरतात. समजा काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात आहे. तुम्ही सवयीने वजीर एफ७ वर ठेवला. राजाला शह नाही, पण जी८, जी७, एच७ तिन्ही घरं बंद. काळ्याला चालच नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत! तोच वजीर एक घर अलीकडे, ई७ वर ठेवला असता तर राजा एच८–जी८ असा नुसता येरझारा घालत राहिला असता. त्या वेळात आपला राजा शांतपणे चालवत जी६ वर आणायचा आणि वजीर जी७ वर, मात. एफ७ आणि ई७, एका घराचा फरक. हा पट घरी मांडून दोन्ही वेळा काय होतं ते लेकीलाच शोधू द्या.

दुसरा धडा हत्तीचा. तो जरा अवघड, म्हणून शेवटचा तुकडा आधी शिका. पांढरा राजा ई६, काळा राजा ई८, दोघे समोरासमोर, मध्ये एक घर. हत्ती ए१ वरून ए८ वर, मात. म्हणजे सूत्र असं की राजे समोरासमोर आले की कडेचा शह. पण ते नेमके आपल्या पाळीला समोरासमोर यायला हवेत. आता पांढरा राजा ई६, हत्ती ए७, काळा राजा डी८ आणि चाल पांढऱ्याची. शह देऊन उपयोग नाही. इथे एक चाल नुसती खर्च करायची: हत्ती ए७ वरून एच७. काळा ई८ वर आला तर हत्ती एच८, मात. सी८ वर पळाला तर राजाने डी६ ला पाठलाग, बी८ ला गेला तर सी६, ए८ ला गेला तर बी६, मग बी८ ला यावंच लागतं, आणि हत्ती एच८. वाटेत तो कुठेही मागे वळला तर तिथेच समोरासमोर सापडतो.

हे दोन्ही धडे घड्याळ लावून करायचे. वजिराची मात दोन मिनिटांत, हत्तीची पाच मिनिटांत, न चुकता. तोवर पुढचं काही नाही.

रानजाई

एफ७ आणि ई७ चं आत्ताच मांडून बघितलं. दोघींनाही आधी फरक दिसलाच नव्हता. आता त्या चार चालींच्या मातेचं सांगा, रोज संध्याकाळी रडारड होते.

अडीच_घर

घ्या, चाल न चाल सांगतो. लेक काळ्या बाजूला आहे असं धरू.

पांढरा ई४, काळा ई५ (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल). पांढऱ्याने वजीर एच५ वर आणला. आता थांबायचं. वजीर कशावर डोळा ठेवून आहे? ई५ च्या प्याद्यावर. घाबरून जी६ खेळून वजिराला हाकललं तर वजीर ई५ चं प्यादं मारतो, राजाला शह आणि त्याच वेळी एच८ चा हत्ती तडाख्यात. हत्ती गेला. म्हणून आधी घोडा सी६, प्यादं राखलं.

पांढऱ्याने उंट सी४ वर आणला. आता उंट आणि वजीर दोघांची नजर एफ७ वर. ते घर फक्त राजा राखतोय. सुरुवातीला काळ्याच्या बाजूचं सगळ्यात कच्चं घर तेच. (पांढऱ्याचं एफ२.) इथे मुलं घोडा एफ६ खेळून वजिरावर हल्ला करतात, कारण ती चाल शहाणी दिसते. वजीर एफ७ मारतो आणि डाव संपतो. बरोबर चाल आत्ता जी६. मघाशी चुकीची होती, आता बरोबर आहे, कारण ई५ राखलेलं आहे आणि वजिराची एफ७ कडची वाट बंद होते. वजीर एफ३ वर जाऊन पुन्हा एफ७ वर बघेल. आता घोडा एफ६. मात टळली.

आता पट बघा. पांढऱ्याचा वजीर दोनदा हलला, त्याच्याच घोड्याचं एफ३ हे उत्तम घर त्याने अडवलंय, आणि काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आलेत. काळा पुढे आहे. हे तिला दाखवा: समोरच्याने घाई केली आणि आपण घाबरलो नाही तर फायदा आपला. आणि तिने स्वतः ही मात लावायला जाऊ नये. बरोबर उत्तर येणाऱ्यासमोर ती स्वतःचाच डाव खराब करते.

मुठेकाठी

वरच्या उत्तरातलं ‘आता थांबायचं’ हे शब्द ठळक करून घ्या. नवख्यांचे डाव ओपनिंगमुळे हरत नाहीत. फुकट दिलेल्या मोहऱ्यांमुळे हरतात. समोरच्याने चाल केली की स्वतःची चाल शोधण्याआधी एक प्रश्न: ‘या चालीने आता तो काय मारू शकतो?’ स्वतःची चाल ठरली की हात उचलण्याआधी दुसरा प्रश्न: ‘मी हे मोहरं तिथे ठेवलं तर त्याला कोण मारतं, आणि मी उठल्यावर मागे काय उघडं पडतं?’ दुसऱ्या प्रश्नाचा उत्तरार्ध मोठी माणसंही विसरतात.

उदाहरण. ई४ ई५, पांढऱ्याचा घोडा एफ३. काय मारू शकतो? ई५. नवख्याला वाटतं प्याद्याने प्यादं राखावं, एफ६. घोडा तरीही ई५ मारतो! काळ्याने घोडा मारला की वजीर एच५, शह. जी६ ने अडवलं तर वजीर ई५ वर शह देऊन हत्ती नेतो, राजा ई७ ला पळाला तर वजीर ई५ मारून पुन्हा शह देतो आणि राजा उघड्यावर भटकतो. एफ चं प्यादं हलवलं की राजाचं दार उघडतं, हे या एका डावात कळतं. घोडा सी६ ने राखणं हेच साधं आणि बरोबर.

मोहऱ्यांची किंमत शिकवताना आकडे सांगून सोडू नका. प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मारामारी मोजताना मुलं फक्त डोकी मोजतात. समोरचं एक प्यादं दुसऱ्या प्याद्याने राखलेलं आहे, आपला हत्ती आणि वजीर त्यावर बघताहेत. दोन विरुद्ध एक, म्हणून हत्तीने मारलं. प्याद्याने हत्ती मारला, वजिराने ते प्यादं मारलं. हिशोब: मिळाले २, गेले ५. मारणारे किती, राखणारे किती, आणि त्यात सगळ्यात स्वस्त कोण, या क्रमाने मोजायचं.

पेठेतला_उंट

+१. पण ओपनिंग अगदीच वाऱ्यावर सोडू नये असं मला वाटतं. एक साधी इटालियन शिकवली तर काय बिघडलं? ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, मग डी३, कॅसलिंग. मुलाला पहिल्या पाच चालींत हातपाय गाळावे लागत नाहीत.

मुठेकाठी

चाली सांगायला हरकत नाही, पण त्यामागचं कारण न सांगता सांगायला आहे. समोरच्याने तिसऱ्या चालीला उंट सी५ न खेळता घोडा डी४ वर नेला की पाठ केलेलं मूल गोंधळतं. त्यापेक्षा प्रत्येक चालीला तिला विचारा, ही का? ई४ मुळे मध्य मिळाला आणि उंट-वजिराची वाट मोकळी झाली. घोडा एफ३ मुळे ई५ वर हल्ला झाला आणि कॅसलिंगची एक अडचण दूर झाली. उंट सी४ मुळे दुसरी दूर झाली. एकच मोहरं दोनदा हलवायचं नाही, वजीर लवकर बाहेर काढायचा नाही, दहाव्या चालीच्या आत राजा कोपऱ्याजवळ. कारणं येत असतील तर त्या चाली तिच्या झाल्या.

पेठेतला_उंट

हे मान्य. कारणांसकट इटालियन.

काटशह

यात भर म्हणून बघण्यासारखं काही सुचवतो. एप्रिल २०२५ मध्ये महिलांची फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) ग्रांप्री पुण्यातच झाली आणि कोनेरू हंपी जिंकल्या. त्याच वर्षी जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्यामुळे थेट ग्रँडमास्टर झाली. हे डाव इंटरनेटवर सहज मिळतात. आठ वर्षांच्या मुलीला सगळा डाव कळणार नाही, कळायची गरजही नाही. पहिल्या बारा चाली पटावर मांडा आणि एवढंच विचारा: कुणाचा राजा कितव्या चालीला कॅसल झाला? कुणाचं कुठलं मोहरं अजून घरात बसलंय? मुठेकाठी म्हणतात ते सगळं त्या डावांत उघड दिसतं. आणि या दोघी खेळताना बघणं मुलींच्या दृष्टीने मोलाचं आहे. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन २००९ मध्ये मुलींच्या ज्युनियर गटात जगज्जेत्या झाल्या, अभिजित कुंटे २००० मध्ये भारताचे चौथे ग्रँडमास्टर झाले. शहरात खेळाची परंपरा आहे, लेकीला ती माहीत असावी.

रानजाई

फार उपयोगी. रोजचा वेळ कसा वाटायचा? आणि मोबाइलवर खेळू द्यावं का?

अडीच_घर

आठ वर्षांच्या मुलीला तासभर पुरे. पंधरा मिनिटं कोडी: एका चालीत मात, नंतर दोन चालींत, आणि घोड्याचे दुहेरी हल्ले. घोड्याचं एक नेहमीचं घर दाखवून ठेवा: पांढरा घोडा सी७ वर पोचला आणि काळा राजा अजून ई८ वर, हत्ती ए८ वर, की राजाला शह आणि हत्ती बोनस. उरलेल्या वेळात एक डाव, प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि चालीमागे दहा सेकंदांची वाढ. लिचेस या संकेतस्थळावर हे सगळं फुकट आणि जाहिरातींशिवाय मिळतं.

तीन मिनिटांचे ब्लिट्झ डाव सध्या पूर्ण बंद. त्यात तो ‘तो काय मारू शकतो’ प्रश्न विचारायला वेळच नसतो, आणि न विचारण्याची सवय लागली की ती मोडायला महिने जातात. आणखी एक, मोबाइलवर मोहरं उचललं की जायची घरं ठिपक्यांनी दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. ठिपके बघून खेळणारं मूल खऱ्या पटावर बसलं की हरवतं.

मुठेकाठी

डावानंतरची दहा मिनिटं डावापेक्षा महत्त्वाची. इंजिन (डाव तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम) लगेच लावू नका. आधी दोघींनी बोटाने दाखवायचं, डाव कुठे फिरला. मग इंजिन. इंजिन बऱ्याच चालींना चूक म्हणेल, त्यातली एकच वहीत लिहायची, जिथे पूर्ण मोहरं गेलं ती. महिन्याने वही चाळली की तीच तीच चूक वेगळ्या कपड्यांत दिसते. बहुतेकांची पहिली चूक असते शेवटच्या ओळीतली मात: राजा जी८ वर, समोर एफ७, जी७, एच७ तिन्ही प्यादी जागेवर, आणि शत्रूचा हत्ती आठव्या ओळीत घुसतो. कॅसलिंगनंतर निवांत वेळ मिळाला की एच६ खेळून राजाला खिडकी करून द्या. पण गरज नसताना राजासमोरची प्यादी पुढे ढकलायचीही नाहीत.

रानजाई

एक-दोन महिन्यांनी तिला छोट्या स्पर्धेत उतरवलं तर? तिथे काय चुकतं?

पेठेतला_उंट

उतरवा. पुण्यात शनिवार-रविवारी वयोगटांच्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धा शोधल्या की सापडतात. बहुतेक स्विस पद्धतीने होतात, म्हणजे हरलं तरी कुणी बाहेर जात नाही, सगळ्या फेऱ्या खेळायला मिळतात आणि पुढच्या फेरीत साधारण आपल्याइतके गुण असलेला समोर येतो. पहिला डाव हरलात म्हणून मुलाला घेऊन घरी निघू नका.

चुका खेळापेक्षा शिस्तीच्या होतात. मोहऱ्याला हात लावला की ते हलवावंच लागतं, समोरच्याच्या मोहऱ्याला लावला तर शक्य असल्यास मारावंच लागतं. नुसतं घरात नीट ठेवायचं असेल तर आधी ‘झादूब’ किंवा ‘अॅडजस्ट’ म्हणायचं, नंतर नाही. ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ. दोन हातांनी कॅसलिंग करून घड्याळ दाबलं तर ती नियमबाह्य चाल धरतात. रॅपिडमध्ये पहिल्या नियमबाह्य चालीला समोरच्याला दोन मिनिटं जादा, दुसऱ्या वेळी डाव जातो. प्यादं शेवटच्या ओळीत गेलं आणि जवळ वजीर नाही, तर मुलं हत्ती उलटा ठेवतात. उलटा हत्ती म्हणजे हत्तीच! घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि पंचांकडून वजीर मागायचा. तिचा फोन तुमच्या पिशवीत, बंद.

चाली लिहायची सवय आत्ताच लावा. अप्पा बळवंत चौकातून साधी रेघांची वही आणा. घोडा एफ३ वर आला तर मोहऱ्याचं अक्षर आणि घराचं नाव, बस. पटाच्या कडेला छापलेली अक्षरं याचसाठी हवीत. आंतरराष्ट्रीय रेटिंगच्या (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) मागे आत्ता लागू नका. २०२४ पासून ते १४०० च्या खाली दिलंच जात नाही, त्यामुळे तिथवर पोचायला थोडा पाया लागतो.

क्लासचं म्हणाल तर वजिराची आणि हत्तीची मात येते, चाली लिहिता येतात, अर्धा तास एका जागी बसता येतं, एवढं झालं की क्लास. शिकवणारे मुलांच्या स्वतःच्या डावांवर बोलतात का, ते एक दिवस बसून बघा. फळ्यावर नुसती ओपनिंग लिहून घेत असतील तर दुसरीकडे चौकशी करा.

रानजाई

शेवटचं एक. काल तिच्याकडे राजा आणि प्यादं, माझ्याकडे फक्त राजा, तरी डाव बरोबरीत सुटला. ती म्हणते मी जिंकायला हवं होतं. कोण बरोबर?

सातवी_ओळ

चाल कुणाची होती त्यावर आहे. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७, असं मांडा. राजे समोरासमोर, मध्ये एकच घर. आता ज्याची पाळी, त्याची पंचाईत. चाल काळ्याची असेल तर त्याला बाजूला व्हावं लागतं, पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. चाल पांढऱ्याची असेल तर त्यालाच वाट सोडावी लागते आणि बरोबर खेळलं तर डाव बरोबरीत.

‘बरोबर खेळलं तर’ म्हणजे कसं ते बघा. पांढरा राजा डी५, काळा डी७. प्यादं ई५, काळा राजा ई७. प्यादं ई६. आता काळ्याने सरळ मागे, ई८ लाच जायचं. डी८ किंवा एफ८ ला गेला तर पांढरा राजा डी६ ला येतो आणि डाव गेला. ई८ नंतर पांढरा डी६, काळा डी८. प्यादं ई७ शह, काळा ई८. आता पांढऱ्याने राजा ई६ ला आणून प्यादं राखलं तर स्टेलमेट, दुसरीकडे नेलं तर प्यादं मेलं.

आज हाच पट दोघींनी चार वेळा खेळा. दोनदा ती पांढरी, दोनदा तुम्ही, आणि प्रत्येक जोडीत एकदा पांढऱ्याची चाल, एकदा काळ्याची.

रानजाई

मांडला. पांढऱ्याची चाल ठेवली, ती काळी होती, आणि ई८ ला न जाता एफ८ ला गेली. आता परत मांडतोय, काळ्याची चाल ठेवून.